जुळलेलं मनगट

मंगळवार, संध्याकाळ

डोकं ठिकाणावर नाही आज. पोलिसांनी एक मुलगी आणली एक्स-रेला. ब्रह्मदेशातून पळून आलेली, लासूर स्टेशनवर एकटीच सापडली. जवळ एकही कागद नाही, म्हणून हाडं बघून वय मी सांगायचं. अठराच्या आत असली तर बालगृह, नाहीतर जेल.

पोरीनं हसून हात पुढं केला. सरहद्द ओलांडताना तो मुरगळला होता. तिला वाटलं, इलाजच चाललाय. मी खरं सांगितलं का? नाही.

मनगटाची हाडं पूर्ण जुळलेली, म्हणजे वाढ संपलेली. पण मुलींची सोळाव्या वर्षीही जुळतात! मी 'सोळा ते एकोणीस' लिहिलं. हवालदार म्हणाला, "मॅडम, मंग एकोणीसच धरतो."

मी ओरडलेच, "अहो, शंका असली तर खालचं वय धरायचं असतं! कायदा आहे तो."

"ते साहेब बघतील. मला कशाला बोलता?"

त्याचे साहेब दुपारपासून फोन उचलत नाहीत. काय करू? कुणाला सांगू?

आणि ते मनगट. दारातून जाताना तेच वर करून तिनं विचारलं, "डॉक्टर, हाथ ठीक है ना?"

मी म्हटलं, "एकदम ठीक है, बेटा."