अष्टमीपुरत्या गोळ्या

२४ ऑगस्ट १९६४

पुन्हा बाजूला. मागच्या खेपेचं थांबून आठवडाही झाला नव्हता. न्हाणीमागच्या या खोलीत आता माझं सगळंच आलंय — घोंगडी, तांब्या, ताट. सासर कुठलं विचारलं तर हीच खोली सांगावी!

चारू दारात येऊन उभी राहते. पाच वर्षांची पोर, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. आज म्हणाली, "आई, तुलाच कावळा सारखा सारखा का शिवतो?" म्हटलं, त्याचा माझ्यावर जीव जडलाय. ती हसली नाही.

सासू म्हणून जमेल ते आत्याबाईंनी केलं — जास्वंदीच्या कळ्या तुपात वाटून दिल्या, दुर्वांचा रस दिला, देवीला नवसही बोलून झाला. अंगावरून जायचं काही थांबत नाही. पायरी चढले तरी धाप लागते. नखं पांढरी पडलीत.

२९ ऑगस्ट

चारूला ताप. दारातूनच बघितली. कपाळाला हात लावायची सोय नाही.

३० ऑगस्ट

ताप उतरला. पण मी आज यांना स्पष्ट सांगितलं — सोलापूरला नेत नसाल तर मी एकटी जाईन. हे शाळेत मुलांना ओरडतात, घरात आवाज फुटत नाही. आज मात्र म्हणाले, "रजा टाकतो." एवढ्यावरच मला रडू आलं.

७ सप्टेंबर

सोलापूर करून आलो. परत येताना तामलवाडीला गाडी बंद पडली, तासभर चिंचेखाली बसलो. इतकं निवांत यांच्याशेजारी बसून किती दिवस झाले होते!

डॉक्टरीणबाईंचं नाव तारामती. बोलणं तोडून टाकल्यासारखं. पहिलाच प्रश्न — "दिवस गेलेत का?" मला हसू आलं. म्हटलं, अर्धा महिना मी न्हाणीमागं असते, मूल कुठून राहणार? त्या म्हणाल्या, "हसू नका. पोटात मूल असताना या गोळ्या घेतल्या तर त्याला बाधतात. मुलगी असली तर जास्तच. म्हणून विचारावं लागतं."

मग तपासलं आणि समजावून सांगितलं. बाईच्या अंगात दोन रस असतात. एक पिशवीला आतून अस्तर चढवतो, दुसरा ते धरून ठेवतो. माझा दुसरा कमी पडतो. तो गोळीतून द्यायचा. घेत असेन तोवर रक्त थांबेल, मधे सोडली तर पुन्हा सुरू होईल. खंड पाडायचा नाही, कुणाला द्यायच्या नाहीत.

मी तर मागच्या जन्मीचं पाप समजून बसले होते. निघाला रस कमी!

१२ सप्टेंबर

थांबलं.

१५ सप्टेंबर

चारवेळा न्हाले, मग स्वयंपाकघरात गेले. पहिलीच भाकरी थापताना तुटली. चारू मागून येऊन गळ्यात पडली ती सोडेचना. पाठीवर पोर आणि तव्यावर भाकरी — मला आणखी काही नको.

तोंडाला कोरड पडते, मळमळतं थोडं. चालायचंच.

२६ सप्टेंबर

आत्याबाई आज जवळ येऊन बसल्या. "म्हंजी गोळी खाल्ली की बाजूला बसावंच लागत न्हाई म्हणतीस?" मी दुखणं सांगायला लागले, रस, अस्तर वगैरे. त्या ऐकत नव्हत्या. "आमच्या वक्ताला असतं तर," एवढंच म्हणाल्या आणि वाती वळत राहिल्या. त्यांचंही आयुष्य याच खोलीच्या वाऱ्या करण्यात गेलं. वाईट वाटलं मला.

२ ऑक्टोबर

शामलावन्सं सासरहून, वाशीहून आल्या. वैशाखात लग्न झालं, हे पहिलं नवरात्र. आमच्या घरची रीत आहे — लग्नानंतरच्या पहिल्या अष्टमीला लेकीनं देवीची परडी भरायची आणि पाच घरी जोगवा मागायचा. त्या दिवशी ती बाजूला बसली तर परडी रिकामी राहते, आणि बोल लागतो तो सासरी.

वन्सं आल्या त्या डोळे पुसतच. "वैनी, माझी पाळी वर गेलीय. आज येईल, उद्या येईल असं रोज वाटतंय. ऐन अष्टमीलाच गाठंल बघा."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. पुढचं मला आधीच कळलं.

"चंद्रप्रभे, तुझ्याकडं गोळ्या हायत की. दे तिला अष्टमीपुरत्या."

म्हटलं, त्या मला लागतात तेवढ्याच दिल्यात. मधे सोडल्या तर माझं पुन्हा सुरू होईल. शिवाय बाईंनी कुणाला देऊ नका म्हणून बजावलंय.

"शामला काय परकी हाय? आणि तुला सवय हाय की खोलीची. तिची परडी चुकली तर वाशीकर काय म्हणतील?"

सवय हाय! अंगाचा तिळपापड झाला. हे तिथंच पेपर तपासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे." मुलांना ओरडायला बरी जीभ चालते!

वन्संचं तोंड बघवेना. शेवटी मीच डबी काढून त्यांच्या हातात ठेवली. चांगुलपणानं नाही, रागानं. घ्या म्हटलं, सगळ्याच घ्या.

८ ऑक्टोबर

सुरू झालं. घट बसलेत, माळ चढतेय, आणि मी न्हाणीमागं. चारू दारात आली, मला बघितलं आणि पाठ फिरवून गेली. हे जास्त लागलं.

१३ ऑक्टोबर, अष्टमी, त्यात मंगळवार

वन्संची परडी भरली. पाची घरचा जोगवा निर्विघ्न झाला. मला इथून नुसतं संबळ ऐकू आलं. आत्याबाई दारात आल्या, लांबूनच प्रसाद टाकला, म्हणाल्या, "तुझे उपकार हायत बाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान हलवली. मनात एकच — माझ्या गोळ्या, माझ्या गोळ्या. इतकी हलक्या मनाची झाले मी.

२३ ऑक्टोबर

यांनी स्वतः जाऊन नव्या गोळ्या आणल्या. मी काही बोलले नव्हते. उशाशी ठेवून गेले आणि चारूला म्हणाले, आता तुझी आई आत येईल. राग अर्धा उतरला. अर्धा ठेवलाय.

३० ऑक्टोबर

चार दिवस झाले, घरात आहे. आज चकल्या केल्या.

वन्सं दिवाळीला आल्या. तळणाचा वास आला आणि परसात पळाल्या, उलटी झाली. आत्याबाईंनी नाडी धरली, दोन गोष्टी कानात विचारल्या, आणि एकदम त्यांना पोटाशी धरलं. "परडी भरली, देवी पावली!" हे पेढे आणायला गेले. वन्सं लाजून चूर. मीही त्यांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. गोळ्यांचं काय एवढं मनाला लावून घेतलं होतं, असं वाटलं.

१ नोव्हेंबर

सकाळी गोळी हातावर घेतली आणि डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न आठवला — दिवस गेलेत का? तो मी वन्संना विचारलाच नाही. कुणीच विचारला नाही. पाळी वर गेलीय, असं त्या रडून सांगत होत्या, आणि घरातल्या सगळ्यांना फक्त अष्टमी दिसत होती. मला माझी डबी दिसत होती.

ती पाळी येणारच नव्हती.

उद्या पहिल्या गाडीनं त्यांना सोलापूरला घेऊन जाणार. आत्याबाईंना खरं काय ते सांगूनच. वन्सं आत्ता बाहेर चारूची वेणी घालतायत. तिला म्हणतायत, मला तुझ्यासारखी मुलगीच हवी.