पाहुण्यांची सनद आणि नोव्हायचं घर

मी, पुरुषोत्तम नारायण सोवनी, वय वर्षे एक्याऐंशी, मूळ राहणार मिरज, हल्ली मुक्काम नोव्हाय, मिशिगन, मोटारींच्या पत्र्याचे साचे बनवण्याच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला मध्यंतरी शंका आली होती. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. इर्मा पलीकडच्या खोलीत बसली आहे, पण तिला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तिचंही नाही.

कोर्टात चालेल ती इंग्रजी प्रत राधिका वकिलीणबाईंनी तयार केली आहे. तिच्यात सगळं आहे, फक्त कारणं नाहीत. ती इथे आहेत. माझ्या मुलीने, अनिकाने, ही प्रत तिच्या भावाला, जयला, मोठ्याने वाचून दाखवावी. इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत ती मराठी वाचायला शिकली. जय मागच्या बाकावर झोपा काढायचा.

कलम पहिलं. बँकेतली बचत आणि पेन्शनचं जे काही उरेल ते दोघांना निम्मं निम्मं. घराचा टॅक्स आणि विमा मात्र आधी त्यातून बाजूला काढावा. का, ते तिसऱ्या कलमात येईल.

कलम दुसरं. माझी पत्नी कै. मालिनी हिच्या पाटल्या, मोहनमाळ आणि पैठणी अनिकाकडे जाव्यात. नेसत नसलीस तरी कपाटात ठेव, पडद्याला वापरू नकोस. तुझ्या मैत्रिणीकडे तसा पडदा मी पाहिला आहे आणि अजून विसरलेलो नाही.

कलम तिसरं, घर. आता नीट ऐका.

इर्मा आमच्या शेजारच्या घरात राहायची. मालिनीची आणि तिची मैत्री खसखशीवरून झाली. अनारशांसाठी मालिनी खसखस शोधत होती, आणि इर्माच्या स्वयंपाकघरात बरणीभर निघाली. ती नूडल्सवर साखर आणि खसखस घालून खाते. चव विचित्र, पण सवय होते. मालिनी गेली तेव्हा तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर इर्मा भांडी घासत थांबली. निघताना मी तिला, आपल्याकडे म्हणतात तसं, म्हणालो, "हे घर तुमचंच समजा. केव्हाही या, हवं तितकं राहा." तिने हात पुसले आणि विचारलं, "तुम्ही हे मनापासून म्हणताय?" आता यावर कोणता मराठी माणूस नाही म्हणेल? मी म्हटलं, "ऑफ कोर्स!"

तिने तिचं घर विकलं. तीन महिन्यांनी आमच्या ड्राइव्हवेत ट्रक उभा! मी दारात, हातात चहाचा कप. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. मी मुकाट्याने खालची खोली रिकामी केली.

पहिला महिनाभर मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. मग एकदा मी तिला विचारलं, "इर्मा, मी असं बोललो म्हणून तू सरळ घर विकलंस?" ती म्हणाली, "आमच्याकडे कुणी 'ये, राहा' म्हटलं की त्याचं गाव होतं."

हे तिचं 'आमच्याकडे' म्हणजे सेपेश. जुन्या हंगेरी राज्यातला उत्तरेचा एक जिल्हा, टाट्रा पर्वताच्या पायथ्याशी. आता त्या नावाचा हंगेरीचा जिल्हा उरलेला नाही, ती गावं स्लोव्हाकियात आहेत. हंगेरीच्या राजांनी जर्मन मुलखातून कारागीर आणि शेतकरी बोलावले. कागदोपत्री त्यांना 'पाहुणे' असंच म्हणत. १२७१ साली राजा इश्तवान याने त्या पाहुण्यांना सनद दिली: आपला न्यायाधीश आपण निवडा, जमीन कसा, जंगल तोडा, राहा. त्यावर गावं उभी राहिली. लोचे, केशमार्क, इग्लो. भिंती बांधल्या, देवळं बांधली, आणि आपल्यासारखेच आपापसात भांडले. लोचे म्हणे, इथून जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने आमच्याकडे थांबून माल विकायला मांडलाच पाहिजे. केशमार्क म्हणे, का म्हणून? पिढ्यानपिढ्या वैर चाललं. इर्मा केशमार्कची. लोचेतल्या चर्चमधला उंच लाकडी देव्हारा जगप्रसिद्ध आहे असं मी म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढे एका राजाला युद्धासाठी पैसा हवा होता. त्याने १४१२ मध्ये इथली तेरा गावं पोलंडच्या राजाकडे गहाण टाकली. ती परत आली १७७२ मध्ये. तीनशे साठ वर्षं गहाण! पण गावं मोडली नाहीत. लोक सूत कातत राहिले, कापड रंगवत राहिले. इर्माचे वडीलही केशमार्कमध्ये कापडच रंगवत.

आणि मग १९४६. महायुद्धात जर्मन हरलेले, तिथे नवं सरकार. जर्मन बोलणाऱ्यांनी निघावं असा हुकूम झाला. सातशे वर्षांच्या पाहुण्यांना सांगितलं, पाहुणचार संपला. इर्मा दहा वर्षांची होती. उचलेल तेवढं सामान घेऊन मालगाडीत बसवलं. ती हे सांगताना रडत नाही. मला मात्र रडू येतं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

म्हणून असं ठरवतो: माझ्या पश्चात घराची मालकी जय आणि अनिका यांची, परंतु इर्माला तिच्या हयातीपर्यंत या घरात राहण्याचा पूर्ण हक्क राहील. तिला कोणी भाडं मागू नये, घर विकायला काढू नये, 'केव्हा निघणार' असं विचारू नये. मी 'तुमचंच समजा' म्हणालो ते भिडेपोटी. आज ते कायद्याने खरं करतो.

जयने फोनवर काय काय ऐकवलं ते लपवत नाही. "बाबा, यू वेअर जस्ट बीइंग पोलाइट! तिचा गैरसमज झाला, दॅट्स ऑल. शी इज नॉट फॅमिली. उद्या ती शंभर वर्षं जगली तर?" मी म्हटलं, "तर शंभर." त्याने फोन ठेवला. तो राहतो त्या क्युपर्टिनोत घरांच्या किमती पाहून पाहून पोराला प्रत्येक भिंतीवर भाव लिहिलेला दिसतो.

पण त्याहून मोठी अडचण इर्माची निघाली. मी तिला हे कलम इंग्रजीत समजावून सांगितलं तर फिसकन हसली. "कागद? आमच्याकडे राजाचा शिक्का असलेला कागद होता, पुरुषोत्तम." मी उठून चहा टाकला.

कलम चौथं. सेपेश जिल्ह्याचा इतिहास मी हिवाळ्या-हिवाळ्यात मराठीत लिहिला आहे. मराठीतच का? इंग्रजीत लिहिला असता तर इर्माने प्रत्येक ओळ दुरुस्त करायला लावली असती, आणि लोचेचं प्रकरण उरलंच नसतं. ते बाड अनिकाला द्यावं. केशमार्कवर थोडं जास्त लिहिलं आहे, ते राहू द्यावं.

कलम पाचवं. मंडळाचं मोठं पातेलं आमच्या बेसमेंटमध्ये आहे ते राजेशला परत करावं. तो गेल्या गणपतीत चारचौघांत मला म्हणाला, "काय काका, या वयात गोरी बाई घरात?" त्याच संध्याकाळी त्याच पातेल्यातल्या तिच्या नूडल्स त्याने तीनदा वाढून घेतल्या. मी त्याला माफ केलेलं नाही. पातेलं मात्र घासून द्यावं.

कलम सहावं, औजारं. सगळी जयची. ड्रिल मशीनसुद्धा त्याचंच होतं, पण काल बदललं. थँक्सगिव्हिंगला तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिता पिता त्याने सहज इर्माला विचारलं, "मावशी, यू आर फ्रॉम व्हेअर, एक्झॅक्टली?" आजवर त्याने हे कधी विचारलं नव्हतं. तिचं उत्तर जेवणवेळ टळेपर्यंत चाललं. मी मध्ये एक अक्षर बोललो नाही. हे मला किती जड गेलं ते अनिकाला विचारा.

नंतर जय तिच्या खोलीत गेला. कपाटामागे फ्रेम केलेला मोठा नकाशा उभा होता, सेपेशचा. म्हणाला, "हा लावला का नाही?" इर्मा म्हणाली, "दुसऱ्याच्या भिंतीला भोकं पाडायची नसतात." जय बेसमेंटमधून ड्रिल घेऊन आला आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. "मावशी, कुठे हवाय? मार्क करा."

ती भिंतीजवळ गेली. मग पलंगासमोर, डोळे उघडल्याबरोबर दिसेल असं, खूण केली. जयने विचारलं, "किती भोकं?"

"चार," ती म्हणाली. "जड आहे."

ड्रिल मशीन इर्माला द्यावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

पुरुषोत्तम नारायण सोवनी (सही)

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही, दुपारचं जेवण तेवढं मिळालं:
१. प्रताप केळकर (सही)
२. देवयानी मोडक (सही)

नोव्हाय, मिशिगन
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५