पिंड दिले, आता माझं जेवण

बडोदे, रविवार

प्रिय सुलभा,

आज मी ताईला चक्क ‘नाही’ म्हणालो. जन्मात पहिल्यांदा! हे तुझ्याशिवाय कुणाला कळवणार? तू असतीस तर साखर वाटली असतीस.

ताई सकाळी करजणहून आली ती माझी बॅग भरायलाच. “एकटा किती हाल करून घेशील? चाल, आमच्याकडे राहा. दोन वेळचं गरम जेवण मिळेल ने!” बोलत बोलत स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावर भाताचे मुटके वळून ठेवलेले, शेजारी समुद्री शेवाळाचे काळे कागद.

“हे शुं आहे, माधव?”

“सुशी. जपानी पदार्थ. शिकतोय.”

ती मुटक्यांकडे बघत राहिली. “अरे, तिचं वर्षश्राद्ध आत्ता मागच्या महिन्यात झालं. आणि घरात पिंडांसारखं काय वळतोयस?”

“पिंड तिचे होते, ताई. ते दिले. हा भात माझा आहे. मी अजून जेवतो. आणि तुझ्याकडे राहायला येणार नाही.”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

तुझ्यावर राग आहेच. सत्तावीस वर्षं “तुमचं संस्कृत तुम्ही सांभाळा, कुकर मी सांभाळते” म्हणालीस. मग जाताना शिट्ट्या किती, एवढं तरी सांगायचं! सगळ्या धातूंची रूपं पाठ असलेला माणूस वर्षभर डब्यातली गोड डाळ खातोय.

सुशी गुंडाळायची चटई आणि शेवाळ आपल्या मुक्तानं पाठवलं, थट्टेतच. फोनवरून शिकवतेही तीच. पहिल्या खेपेला मी तुझ्या शिस्तीत भाताला चमचाभर तूप लावलं, लिंबू पिळलं. शीत न् शीत मोकळं! गुंडाळी कापली तर भात ताटभर पळाला. “बाबा, हा भात चिकटच हवा!” पोरगी हसून हसून रडली. मग नुसतीच रडली.

गुंडाळीचे आठ तुकडे करायचे असतात, अनुष्टुभाच्या चरणातल्या अक्षरांसारखे. माझा छंदोभंग अजून सहाव्यावर होतो.

सगळे म्हणतात, आधी साधं वरण शीक की! खरं सांगू? वरण बिघडलं की तू नाहीस हे कळतं. सुशी बिघडली की फक्त सुशी बिघडते.

ताईनं शेवटी एक तुकडा तोंडात टाकला. “काकडीची कोशिंबीर भातात घालून काळ्या कागदात बांधलीस. लोणचं आण.” चार संपवले. बॅग मात्र अर्धी भरून ठेवून गेली. पुढच्या रविवारी न्यायला येणार म्हणे.

येऊ दे! बॅग मी रिकामी केली. तुला शब्द देतो, मी कुणाच्या घरी कायमचा पाहुणा होणार नाही. आणि धीर झाला की एक दिवस वरणही लावीन. बिघडेलच. तरी पानात टाकणार नाही.

तुझाच,
माधव