लागू नसेल ते खोडावे

बाबा, परवा रविवारी मी तुमच्या खाणीत जाऊन आलो. तिकीट काढून. ऐकून तुम्ही हसले असते की चिडले असते, ते मला आता नक्की सांगता येत नाही. खाण बंद पडून जमाना झाला. वर आता बाग आहे, कारंजं आहे, पोरांसाठी छोटी रेल्वे आहे, आणि खाली, जिथं तुम्ही ड्रिल चालवायचे तिथं, मिठाची खोली केली आहे. छातीचे आजार असलेले लोक तिथं श्वास घ्यायला जातात. तुमच्या खाणीत, बाबा, श्वास घ्यायला! पण मला बोलायचं आहे ते तुमच्या त्या मेडिकलच्या फॉर्मबद्दल. वरची ड्यूटी मिळाली नाही म्हणून तुम्ही मरेपर्यंत खाणीच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरला शिव्या घातल्या. त्या माणसाचा त्यात फारसा दोष नव्हता. तुम्हाला खाली ठेवलं ते मी. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखं इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्यावर येईपर्यंत कंटाळून उठेन. या आधी दोनदा तसंच झालं आहे.

मी जायला तयार नव्हतो. तुमची सून ऐकेना. तिच्या योगाच्या क्लासमधल्या बायकांनी नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्याहून बस ठरवली होती. दोन वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला, तेव्हापासून जिना चढलो की मधल्या पायरीवर थांबावं लागतं, आणि तिचं लक्ष माझ्या पायांपेक्षा माझ्या छातीकडेच असतं. म्हणाली, “अवो, चाला नं. भात्यावानी वाजते छाती तुमची. तिथं म्हणे मिठाची हवा सोडते.” मी म्हटलं, “माह्या बापाची खाण होय ते. मले नाही यायचं.” तर म्हणते, “मंग तं यावंच लागन.” तिच्याशी वाद घालायला लागतो तेवढा दम आता माझ्यात उरलेला नाही. बघा, बोलताना मी अजून मले-तुले म्हणतो, पण कागदावर हात आपोआप शहाण्यासारखा चालतो. शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर अर्ज लिहिले आणि लिहवून घेतले, त्याचा हा परिणाम. आणि अर्ज लिहायला मला बसवलं ते तुम्हीच.

आठवतं का, खाणीतल्या टेकूच्या लाकडाचे तुकडे आणून तुम्ही माझ्यासाठी टेबल करून घेतलं होतं. सालवृक्षाचं लाकूड, एवढं जड की दोघांनी उचलावं लागायचं. दर रविवारी तुम्ही ते विहाराच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायचे आणि मला त्यामागे बसवायचे. आपल्या क्वार्टरांची अख्खी लाइन फॉर्म घेऊन उभी. कुणाचा सुटीचा, कुणाचा क्वार्टरचा, कुणाच्या पोरीच्या शाळेचा. मी मॅट्रिक झालेला, नागपूरच्या कॉलेजात जाणारा, आपल्या लाइनीतला पहिला. तुम्ही खांबाला टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत उभे असायचे, आणि कुणी म्हटलं की “पोट्टा हुशार निंगाला गा,” की तुम्ही उगाच दुसरीकडे पाहायचे. एकदा एका माणसाच्या नावात माझी चूक झाली, मी ती काट मारून दुरुस्त केली, तर तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या डोक्यात टपली मारली. “खाडाखोड करते काय बे? सायेब लोक फॉर्मावरून माणूस वळखते.” त्यानंतर माझ्या फॉर्मवर कधी काट दिसली नाही. लोक म्हणायचे, छापल्यासारखा लिहितो. मला ते फार आवडायचं.

मग तुमचा खोकला सुरू झाला. सुरुवातीला थंडीचा म्हणून, मग धुळीचा म्हणून, मग त्याला कुणी काही म्हणेना. थुंकी काळी पडायची. खाली तुमच्यावर देखरेख करणाऱ्या ओव्हरमननं तुम्हाला सांगितलं की मेडिकलचा फॉर्म भर, छाती खराब निघाली तर वरची ड्यूटी मिळते, दिव्यांच्या खोलीत नाहीतर गेटवर. तुम्ही तो फॉर्म घरी आणला तो दिवस मला लख्ख दिसतो. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही भिंतीला पाठ लावून बसले आहात, मी टेबल स्वयंपाकघरात ओढून घेतलं आहे आणि इंग्रजीतला एकेक प्रश्न मोठ्यानं वाचून मराठीत सांगतो आहे. टोबॅको, येस की नो. मी विचारतो, “तंबाखू?” तुम्ही हसता. “खर्रा तं खातोच मी. खरं ते लिही.” किती वर्षांपासून? “तुह्या जन्माच्या आंधीपासून.” मी लिहितो, येस, वीस वर्षं. त्याच्यापुढे बारीक अक्षरात दोन शब्द आहेत, स्मोकिंग आणि च्युइंग, आणि खाली आणखी एक ओळ. तिचा पहिला शब्द स्ट्राइक.

आता खाणीच्या कॉलनीत वाढलेल्या पोराला स्ट्राइक म्हटल्यावर काय आठवणार? झेंडा, मंडप, गेटसमोर बसलेली माणसं, बंद पडलेली चूल. वर्षभरापूर्वीच तुमचा संप चिघळला होता. मी म्हटलं, “बाबा, इथं संपाचं काही विचारून राहिले.” तुम्ही खर्रा तोंडातच धरून हात हलवला. “सोड ते. त्या भानगडीत नाही पडाचं. कोरं राहू दे.” मी कोरं ठेवलं. आई म्हणाली, “बाप्पा, छातीच्या फॉर्मात संप काहून विचारते?” आपण दोघंही तिला हसलो. आईचंच बरोबर होतं. ती ओळ सांगत होती, की लागू नसेल ते खोडावे. मी काहीच खोडलं नाही, म्हणून च्युइंगच्या जोडीला स्मोकिंगही तसंच राहिलं. तुम्ही ज्या खाणीत रोज उतरायचे तिथं कोळशाच्या गॅसच्या भीतीनं गेटवर झडती व्हायची, विडी सापडली तर नोकरी जायची, काडीपेटीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून तर सगळे खर्रा खायचे. आणि माझ्या सुंदर, स्वच्छ, छापल्यासारख्या फॉर्ममध्ये तुम्ही वीस वर्षं विड्या ओढत होते.

पंधरा दिवसांनी तुम्ही तापून घरी आले. ऑफिसातल्या बाबूनं वाचून दाखवलं होतं, छातीचा त्रास धूम्रपानामुळे, ड्यूटी बदलण्याचं कारण नाही. तुम्ही शर्टाचे खिसे उलटे करून आईला दाखवत होते, जणू तीच डॉक्टर. “वीस वर्षं झडती देऊन राहिलो मी! कोणाले सापडली एक काडी? लबाड लेकाचा!” मला तेव्हा नुसती शंका आली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत शब्दकोश काढला. स्ट्राइकचे अर्थ पानभर होते. मारणे, धडकणे, वाजणे, संप करणे. खूप खाली गेल्यावर सापडलं, खोडणे. मी पुस्तक मिटलं आणि तसाच घरी आलो. तुम्ही दारातच उभे होते. “उद्या चाल माह्यासंग दवाखान्यात. तू इंग्रजीत सांग त्याले.” मी म्हटलं, उद्या टेस्ट आहे. टेस्ट नव्हती, बाबा. मी दिवसभर सक्करदऱ्याच्या तलावाच्या पाळीवर बसून होतो. एवढंच सांगायचं होतं डॉक्टरला, की साहेब, माझी चूक झाली, ही रेघ मारायची राहिली. पण मग लाइनीत कळलं असतं. रविवारी व्हरांड्यात कोण आलं असतं माझ्याकडे? अठरा वर्षांचा होतो, हे मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलं. अठराव्या वर्षी माणसाला एवढं कळतं.

तुम्ही एकटे गेले. संध्याकाळी आलात तेव्हा थकलेले होते, पण चेहऱ्यावर कसलीतरी मिजास होती. हातपाय धुऊन बसले आणि आईला सांगू लागले, की डॉक्टरनं फॉर्म काढून दाखवला, म्हणाला, हे बघा, तुमच्याच घरच्यांनी लिहून दिलं आहे. “म्या म्हटलं त्याले, माह्या पोट्ट्याच्या फॉर्मात चूक निंगत नाही. अख्खी लाइन इचारून घे. तुह्याच डोयात काही असन.” आई हसली. मी जेवत होतो. पुढचा घास तोंडात कसा घातला ते आठवत नाही, पण घातला, कारण मी ताट पुसून उठलो हे मला पक्कं आठवतं. त्यानंतर तुम्ही सहा वर्षं खाली उतरत राहिले. मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो, लग्न केलं, आणि दर रविवारी फॉर्म भरत राहिलो.

शेवटी शेवटी तुम्हाला आडवं पडता येत नव्हतं. स्वयंपाकघरात कोठीला टेकून दिवसभर बसून असायचे, श्वास असा चमचा-चमचा घ्यायचे. भेटायला कुणी आलं की तरी तोच विषय. एक वाक्य पुरं करायला तीन दम लागायचे. “डाक्टर... लबाड... निंगाला.” मी शेजारीच बसलेला असायचो. कितीदा वाटलं, आता सांगावं, आता हा माणूस रागवायलाही उरलेला नाही. मग वाटायचं, कशाला त्यांच्याकडे उरलेली एक गोष्ट काढून घ्या. अर्थात, ही पण माझीच सोय होती. तुम्ही गेलात आणि मला रडू येण्याआधी सुटल्यासारखं वाटलं. बघा, हेही लिहून झालं.

तर रविवारचं सांगतो. खाणीच्या तोंडाशी काउंटर आहे, तिथं एक पोरगी हातातल्या टॅबवर फॉर्म भरत होती. नाव, वय, बीपी, शुगर. मग म्हणाली, “काका, घरात कोणाले दमा वगैरे?” मी म्हटलं, वडिलांना छातीचा त्रास होता. तिनं स्क्रीनवरून मान न उचलता विचारलं, “स्मोकर होते का?” आणि मी ओरडलो. “नाही!” असा ओरडलो की मागची रांग आणि बागेतली पोरंसुद्धा पाहू लागली. “कधीच नाही! विडीले हात नाही लावला त्या माणसानं! इथंच होते, खाली, ड्रिलवर! लिहा, नाही म्हणून लिहा!” पोरगी घाबरली बिचारी. “लिहिलं काका, लिहिलं. टेन्शन नका घेऊ.” तुमच्या सुनेनं माझा दंड धरला आणि बाकावर नेऊन बसवलं. मला धाप लागली होती. चाळीस वर्षं उशिरा, आणि चुकीच्या माणसासमोर. ती पोरगी तर तेव्हा जन्मलीही नव्हती.

खाली जायला आता चांगला सिमेंटचा उतार आहे, दोन्ही बाजूंना कठडा. वळणावर खाणकामगाराचा पुतळा ठेवला आहे. गोरापान, गाल वर आलेले, कपड्यांवर एक डाग नाही, आणि ड्रिल शिपायाच्या बंदुकीसारखी खांद्यावर. तुम्ही ती पोटाशी दाबून धरायचे, पट्ट्याच्या जागी कायमचा वळ उठला होता तुम्हाला. योगाच्या बायकांनी पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले. तुमची सून गेली नाही. मला म्हणाली, “मामंजी असे नव्हते दिसत.” तिनं तुम्हाला दोनच वर्षं पाहिलं, तेही बहुतेक बसलेलंच.

मिठाच्या खोलीत भिंती गुलाबी आहेत, शेंदेलोणाच्या विटा रचलेल्या. एका बाईनं हळूच बोट लावून चाटून पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं की खरंच खारट आहे. सगळ्यांना आरामखुर्च्या, पांढऱ्या चादरी, मंद दिवा. कोपऱ्यातलं मशीन मिठाची बारीक भुकटी हवेत सोडतं. पाहा कसं असतं, तुम्हाला धुळीनं खाल्लं आणि आम्ही धूळ खायला रांग लावून बसलो. मी ठरवूनच आलो होतो की डोळे मिटायचे नाहीत, आणि काही झालं तरी बरं म्हणायचं नाही.

वर आल्यावर तुमची सून म्हणाली, “वाटला का काही फरक?” मी म्हटलं, “कशाचा फरक. सगळं ढोंग होय.” ती बसमध्ये खिडकीला डोकं लावून झोपली. हे पत्र तिलाही दाखवणार नाही, आणि तुम्हाला तर कोणत्या पत्त्यावर टाकणार. पण खोटं लिहायला आता कंटाळा येतो. तिथं डोळे मिटले, बाबा. किती महिन्यांनी छातीच्या पार तळापर्यंत हवा गेली, कुठं अडली नाही, शिट्टी वाजली नाही. वेळ संपल्यावर बाकीचे उठून गेले. पोरगी दोनदा सांगायला आली, “काका, चला, वर जायचं.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला वर यायचं नव्हतं.