पंख्याकडे वळलेला फोन

प्रिय धाकट्या,

दिवसभर लोकांना टायपिंग शिकवणारी ताई कागदावर का लिहितेय, म्हणून हसशील. ते शेवटी सांगते.

आमचा प्रौढांचा वर्ग जोरात आहे. वाचनालयाचा माळा, सहा कॉम्प्युटर, त्यातला एक कायम रुसलेला. रिटायर झालेले ड्रायव्हरकाका पडद्यावरचा बाण वर न्यायचा म्हणून अख्खा माऊस हवेत उचलतात! आई पहिल्या बाकावर. पूर्वी रविवारी तुझ्याशी बोलताना फोन मी धरायचे. मग एक दिवस ती म्हणाली, आता मीच धरणार, मला शिकव. मला केवढं कौतुक वाटलं होतं! पण तेव्हापासून तुला दिसतो तो आमचा छताचा पंखाच. पंख्याची तब्येत छान दिसतेय हं, म्हणून तू चिडवतोस आणि मीही तुझ्या बाजूने हसते. एकदा तर वर्गात सगळ्यांदेखत तिला म्हटलं, तुझ्यापायी माझं नाव जाणार बघ.

परवा शिंपीणमावशींना फोन धरणं जमेना. मी काकांपाशी अडकलेली. आईच उठून त्यांच्याजवळ गेली. कोपर टेबलावर टेक गं, भुवया नि हनुवटी दोन्ही दिसू देत, लेकीला काय छत दाखवतेस? मावशींचा चेहरा पडद्यावर अगदी मधोमध आला. मी बघतच राहिले.

घरी येताना तीच म्हणाली, तोंड सरळ होईपर्यंत त्याने बघायला नको. सगळं टाकून धावत येईल.

नव्या कवळीमुळे ती अडखळत बोलते, असं तुला सांगितलं होतं. कवळी नाहीये रे. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला. हातपाय सावरले, पण ओठ डावीकडे ओघळलेत. डॉक्टर म्हणतात, आता यापेक्षा सरळ होणार नाहीत. हे तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. ती रोज आरशात बघते आणि तुला चेहरा दाखवणं पुढच्या रविवारवर ढकलते.

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातलीय. फोन नाही, मेसेज नाही, मेल नाही. वर्गात शिकलेलं एकेक नाव घेऊन. पत्र मी तिला शिकवलंच नव्हतं, म्हणून तेवढं राहून गेलं.

ये. रविवारची वाट बघू नकोस.

तुझीच,
शपथ न मोडलेली ताई