नववा कागद

प्रिय सिग्नेताई,

तू गेल्यापासून आपल्या डुलुथच्या आपत्कालीन फोन केंद्रात सगळेच पिचून गेलेत. म्हणून वरिष्ठांनी शिकवणी लावलीय. मनाला कुरतडणारा विचार कागदावर लिहायचा, खाली तो खरा असल्याचा पुरावा, त्याखाली खोटा असल्याचा. नाव घालायचं नाही. मग कागद पिसायचे आणि हाती येईल तो मोठ्याने वाचायचा.

खरं सांगते, गुण आला. ‘मी रजा टाकली नसती, तर माझ्या पाळीसाठी ताई बर्फात गाडी घेऊन निघालीच नसती, वाचली असती,’ हा विचार मी पुराव्यानिशी खोडला. आता झोप लागते. शेजारच्या तुझ्या खुर्चीकडे बघणंही सोडलं.

काल शिकवणाऱ्या लोर्नाबाईंनी कागद मोजले. “आठ माणसं नि नऊ कागद! कुणाचा कचरा एका कागदात मावला नाही रे?” सगळे हसले.

नववा माझ्याच हाती आला. अक्षर तुझं, डावखुरं, मागे झुकलेलं.

‘विचार: माझी बहीण मला विसरली.
खरा असल्याचा पुरावा: मी रोज तिच्या शेजारी बसते, पण ती मान वळवत नाही.
खोटा असल्याचा पुरावा: ती मला पत्र लिहील. पोस्टात टाकणार नाही, पण लिहील.’

माझ्याच्याने तो मोठ्याने वाचवला नाही. “कोरा आहे,” म्हणाले.

हे कामावर, माझ्या जागेवर बसूनच लिहितेय. मान वळवायचा धीर अजून होत नाही. पान भरत आलंय. तुझं वाचून झालं की सांग, म्हणजे उलटते.

तुझीच,
मारिट