एका घराचे तीन पत्ते

दि. ६ जानेवारी

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून म्हणाल, फोन असताना हिला ही हौस कशाला. पण बाबा फोन उचलला की स्पीकर लावतात, आणि मी जेवले का हे आईच्या आधी शेजारच्या काकू विचारतात. निवांत चार शब्द बोलायचे तर पत्रच बरं.

ग्रंथालयात आता मला आरोग्य-माहितीचं टेबल दिलं आहे. चार संगणक, कपाटभर पुस्तकं आणि मी. लोकांनी येऊन विचारायचं, मी तज्ज्ञांनी तपासलेली माहिती शोधून सोप्या भाषेत छापून द्यायची. औषध सांगायचं नाही. डॉक्टरांकडे कधी आणि कुठे जायचं ते सांगायचं. मला वाटलं होतं, लोक रांगा लावतील. येतात ते फोन चार्ज करायला. काल एक गृहस्थ कितीतरी वेळ वाद घालत होते की, फोनवरच्या बाईंनी सांगितलेला गुडघेदुखीचा उपाय आमच्या पुस्तकात नाही, म्हणजे पुस्तकच जुनं आहे. दाराशी मी रुग्णवाहिका, आग, विषबाधा यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावले होते. त्यावर कुणीतरी खोली भाड्याने देण्याची जाहिरात चिकटवली. मी काढली. त्याने पुन्हा लावली, या वेळी भरपूर डिंक घालून.

एक नियम मात्र मला फार आवडतो. कुणी काय विचारलं ते टेबलाबाहेर जात नाही. नवऱ्याचं बायकोला नाही, बायकोचं नवऱ्याला नाही. ग्रंथपाल बाईंनी तो पहिल्याच दिवशी माझ्याकडून घोकून घेतला. भीती नसली की माणूस खरं विचारतो, हे मला पटतं.

बाबा, पहाटे कोमट पाणी पिण्याचे संदेश मला पाठवू नका. मी दिवसभर त्यांच्याशीच भांडत असते.

लोभ आहेच, त्यात भर घालावी.
तुमची ढमी (पदवीधर)

दि. ११ जानेवारी

चि. ढमी हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बाबांना माहीत नाही. उत्तर घरी पाठवू नकोस, आमच्या शिवणाच्या दुकानावर पाठव. मालकीणबाई दुसऱ्याचं पत्र उघडत नाहीत, त्यांना चष्माच सापडत नाही.

बायकोचं नवऱ्याला जात नाही असं तू लिहिलंस, म्हणून लिहिते. डाव्या स्तनात गाठ लागते. थंडी सुरू झाली तेव्हा शर्टाच्या बटणाएवढी होती, आता कोटाच्या बटणाएवढी आहे. दुखत नाही, म्हणजे काळजीचं काही नसावं. बाबा पाण्याच्या पंपावर ड्यूटीला गेले की मी फोनला बोलून विचारते. त्यावर एक गोड बोलणारा माणूस पानांचा लेप सांगतो. रोज लावते. थोडी मऊ झाल्यासारखी वाटते.

तू एवढंच शोधून दे की, लेप गरम लावायचा की गार. तो माणूस तेवढंच सांगत नाही. म्हणतो, पैसे भरा, मग पुढचा भाग दाखवतो.

बाबांच्या कानावर घालू नकोस. माझ्या साध्या तापातही ते तीनतीनदा थर्मामीटर लावून बघतात. आणि तूही उठून येऊ नकोस. अवेळी आलीस तर ते कारण विचारतील, आणि तुला खोटं बोलता येत नाही.

पोटभर जेव. माया आहे तशीच आहे.
तुझी आई

दि. १५ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र टेबलावरच वाचलं आणि समोरच्या माणसाला दम्याऐवजी दातांचं पुस्तक दिलं.

लेप गरम लावायचा नाही आणि गारही नाही. लावायचाच नाही. लेपाने गाठ विरत नाही. सोबत छापील पान आहे. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असं त्यात कुठेही नाही. स्तनातल्या पुष्कळशा गाठी साध्या असतात, पण साधी कुठली हे नुसत्या हाताला कळत नाही. तुझ्या नाही, माझ्या नाही, त्या गोड बोलणाऱ्याच्या तर नाहीच. तपासावंच लागतं. तुमच्या सरकारी रुग्णालयात मंगळवारी सकाळी गाठींच्या तपासणीचा वेगळा विभाग चालतो, डॉक्टर बाई आहेत. मी फोन करून खात्री केली. तू येत्या मंगळवारी जा, आणि बाबांना सांगून, त्यांना बरोबर घेऊन जा.

आई, तू मापात सुताएवढी चूक झाली तर अख्खी शिवण उसवतेस. स्वतःच्या बाबतीतच असा अंदाजपंचे कारभार का?

राग आला तरी चालेल, पण जा.
तुझी ढमी

पंपहाऊस
दि. २० जानेवारी

चि. ढमीस,
अनेक आशीर्वाद.

ड्यूटीवरून लिहीत आहे. टाकी भरायला अवकाश आहे. यातलं अक्षरही तुझ्या आईला कळता कामा नये. उत्तर पंपहाऊसच्या पत्त्यावर धाडावे.

बरेच दिवस फोन मला काहीतरी सुचवतो आहे. संध्याकाळी उघडला की गाठी. गाठीची लक्षणं, गाठीवर लेप, गाठ अंगावर काढू नका. मी जन्मात गाठीबद्दल काही विचारलेलं नाही. मी जुनी गाणी आणि पंपांची दुरुस्ती बघतो. तरी याला कळलं कसं? पंप बिघडण्याआधी त्याचा आवाज बदलतो, तो मला लांबून ओळखू येतो. तसं फोनला माझ्या शरीरातलं कळलं असणार. रोज उशाशीच तर असतो.

मग मी चाचपून पाहिलं. मानेच्या मागे आहे. बोटाने सरकते. कधीपासून आहे देव जाणे, आपली मान आपल्याला थोडीच दिसते.

तेव्हापासून घास उतरत नाही. तुझी आई विचारते, मी पित्त सांगतो. तीही हल्ली गप्प असते. तिला संशय आला असावा, म्हणून मी मुद्दाम जास्त हसतो.

दोनच गोष्टी विचारतो. फोनला कसं कळलं, आणि माझ्या हातात वेळ किती आहे. तुमचा नियम आहे म्हणूनच लिहिण्याचा धीर झाला. शिकल्याचा अभिमान होताच, आज उपयोगही आहे.

माया असू दे. पुढच्या पत्रात घराचे कागद कुठे ठेवलेत ते लिहीन.
तुझे बाबा

दि. २४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घराचे कागद आहेत तिथे राहू द्या. मानेमागची, बोटाने सरकणारी गाठ बहुधा साधी असते, पण ते डॉक्टरांनी सांगायचं. मंगळवारी सरकारी रुग्णालयात जाऊन दाखवा आणि आईला सांगून जा. जेवणावर राग काढू नका.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आज देता येत नाही. माहीत नाही असं नाही. देता येत नाही.

लोभ असू द्या, धीरही धरा.
तुमची ढमी

दि. २४ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवार गेला. तू गेली नाहीस, कारण गेली असतीस तर कळवलं असतंस. आता एकच मागते. तुझी गोष्ट बाबांना सांगायची मला मोकळीक दे. कारण विचारू नकोस, ते सांगता येत नाही. एका घराला मी वेगवेगळ्या पत्त्यांवर पत्रं टाकते आहे. आमचा पोस्टमन मला विचारतो, तुमच्याकडे वाटण्या झाल्या का.

तुझी ढमी

दि. २८ जानेवारी

चि. ढमीस,
अनेक आशीर्वाद.

मोकळीक नाही. हे टेबल तूच मांडलंस, नियमही तूच सांगितलास.

आणि आत्ता तर मुळीच नाही, कारण तुझ्या बाबांचंच काहीतरी बिनसलंय. ताटावरून उठतात आणि कारण नसताना हसतात. मी काळजीने फोनला विचारलं, माणूस जेवत नाही आणि उगाच हसतो, तर काय झालेलं असतं. त्याने असलं काही दाखवलं की माझीही भूक गेली. आधी त्यांचं मार्गी लागू दे, मग माझं बघू. त्यांना तपासायला चला म्हटलं तर म्हणतात, तू थकलेली दिसतेस, आधी तू बरी हो.

लेप बंद केला आहे, तुझ्या शब्दाखातर. खरं सांगायचं तर गाठ वाढली आहे. आता काखेतही एक बारीकशी लागते. रागावून पत्र लिहू नकोस, तुझं अक्षर बिघडतं.

माया आहेच.
तुझी आई

दि. १ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी नावं न घेता ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वाचकाने काय विचारलं ते फोडायचं नाही, आणि वाचकाने विचारलं त्याचं खरं उत्तर दडवायचंही नाही. दोन्ही एकदम जमत नसेल तर काय करायचं, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला. म्हणजे माझं मलाच ठरवायचं होतं. ठरवलं आहे.

फोनला कसं कळलं, असं तुम्ही विचारलंत. फोनला काहीही कळत नाही. त्याला तुमची मान ठाऊक नाही आणि मनही नाही. त्यावर कुणी एखादी गोष्ट शोधली की तो तेच पुन्हा पुन्हा पुढे करतो. शोधलं कुणी, हे बघत नाही. गाठीबद्दल तुम्ही कधी विचारलं नाही, असं तुम्हीच लिहिलंत. आपल्या घरात फोन एक आहे आणि माणसं दोन.

याहून जास्त मी लिहिणार नाही. मंगळवारी सकाळी सरकारी रुग्णालयात गाठींच्या तपासणीचा विभाग उघडा असतो. हा मंगळवार सोडू नका.

तुमची ढमी

दि. २२ फेब्रुवारी

चि. ढमीस,
आशीर्वाद. पत्राची रीत आहे म्हणून देते.

तुझं पत्र मिळालं तेव्हा तुझे बाबा टाकी अर्धी ठेवून पंपावरून निघाले. नोकरीत असं कधी केलं नव्हतं. गल्लीला पाणी उशिरा आलं, शेजारच्या काकू अजून ऐकवतात. हे थेट दुकानात आले. मालकीणबाईंना वाटलं, सदऱ्याचं माप द्यायला आलेत. मला काही विचारलं नाही. म्हणाले, माझ्या मानेत गाठ आहे, एकट्याने डॉक्टरकडे जायची भीती वाटते, तू चल.

माझा संताप झाला. इतके दिवस पित्त पित्त म्हणून मला फसवलं. बायकांसमोर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. असं दुखणं लपवतात का, घरच्यांना काय वाटेल याचा विचार नाही का, सगळं बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले. माझं बोलून झालं तेव्हा हळूच म्हणाले, खरं आहे, असं लपवू नये. मग मला तोंड वर करता येईना.

मंगळवारी गेलो. त्यांची गाठ चरबीची निघाली, डॉक्टरांनी लिहिता लिहिताच सांगितलं. माझी तशी नाही. फोटो झाले, सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर आहे. काखेतही पोचला आहे, पण पुढे गेलेला नाही. ऑपरेशन पाच मार्चला, नंतर औषधं चालतील. डॉक्टर बाई म्हणाल्या, उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. त्यातला थोडा उशीर लेपाचा होता. हे मी एकदाच लिहिते आहे, पुन्हा विषय काढू नकोस.

तुझ्या बाबांनी आता फोनवरचा स्पीकर बंद करायला शिकून घेतलंय, कारण रुग्णालयातून फोन येतात. काकूंचा फार खोळंबा होतो.

तू शब्द मोडलास. बरोबर केलंस असं तुझे बाबा म्हणतात, मी म्हणणार नाही. मी तुला विश्वासाने लिहिलं होतं आणि तू वाट काढून सांगितलंस. आलीस तरी तुझ्याशी बोलणार नाही. पण चार तारखेला ये. उशाशी तू बस. बाबांना बाहेर बसव, ते रडतात आणि मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते.

लोभ होता तेवढाच आहे. राग गेला की कळवीन.
तुझी आई